लायसन्स बंद घराच्या पत्त्यावर पाठवू नका

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातल्या सगळ्या आरटीओ कार्यालयांत खिडकीपलीकडे बसणारे अधिकारी-कर्मचारी यांस,

सविनय नमस्कार.

मी आरोग्यसेविका आहे. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर नोकरी करते. सपाटीवरच्या उपकेंद्राकडे साधारण ५,००० लोकसंख्या असते, म्हणजे मुख्य गाव, दोन-तीन वाड्या आणि शेतातल्या वस्त्या. एसटी गावात दोनदा येते, वस्तीवर कधीच येत नाही. लसीकरणाच्या दिवशी स्कूटीच्या पायदानावर दोन्ही पायांच्या मध्ये लसीचा निळा डबा असतो, आत चार आइसपॅक, खांद्याला रजिस्टरची पिशवी. स्कूटी हे माझ्या कामाचं साधन आहे आणि लायसन्स नसेल तर ते साधन मला हातात धरता येत नाही. माझं लायसन्स हरवलं, त्याच सुमारास माझं घरही बदललं होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाची काय गत होते ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

जूनमध्ये माझी बदली झाली. सामान टेम्पोत भरलं, स्कूटीही त्यातच गाद्यांना टेकवून दोराने बांधली. लायसन्स आणि आरसी मी रेक्झिनच्या एका पाकिटात घालून स्कूटीच्या डिकीत ठेवत असे. डिकीचं लॉक सैल होतं हे मला माहीत होतं, तरी त्या गडबडीत पाकीट बाहेर काढायचं राहिलं. घाटात कुठेतरी डिकी उघडली असणार. नव्या गावात स्कूटी उतरवली तेव्हा आत फक्त पुसायचं फडकं होतं.

पहिली अडचण नंबराची. हरवलेल्या लायसन्सचा नंबर कुणाला पाठ असतो? आणि त्याच्याशिवाय लायसन्सचे अर्ज भरायच्या सारथी पोर्टलवर पुढचं पान उघडत नाही. चार दिवस शोधाशोध केल्यावर भावाला वडिलांच्या जुन्या फाईलमध्ये एक झेरॉक्स सापडली. त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. एमएच, मग दोन आकडे कार्यालयाचे, मग २००९ आणि पुढे सात आकडे. झेरॉक्सवर माझा वीस वर्षांच्या वयातला फोटो काळा पडलेला होता, पण आकडे वाचता येत होते. पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद ऑनलाइन झाली, तिचा कागद लगेच मिळाला. तिथे काही त्रास झाला नाही हे मुद्दाम सांगते.

दुसरी अडचण नावाची, आणि ती माझ्या एकटीची नाही. लायसन्स माहेरी असताना काढलेलं. त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचा पत्ता. माझं लग्न २०१२ साली झालं. आधारवर नाव सासरचं. त्यामुळे आधारच्या आधारे घरबसल्या होणारी जी सोय आहे, तिथे दोन नावं जुळेनात. ही सोय फार चांगली आहे. केंद्राने मार्च २०२१ मध्ये अधिसूचना काढली, दुय्यम म्हणजे डुप्लिकेट लायसन्स, पत्त्यातला बदल, नूतनीकरण अशा अठरा सेवा आधार पडताळणीवर आल्या आणि कार्यालयात जायचं कारण उरलं नाही. माझ्या बरोबरीच्या दोन पुरुष सहकाऱ्यांनी तिचा लाभ घेतलाय, एकाचं काम तर दहा मिनिटांत झालं. पण ती त्यालाच सहज लाभते, ज्याचं नाव जन्मापासून एकच आहे. डिजिलॉकरमध्येही तेच झालं. तिथेही नाव आधारशी जुळावं लागतं. शेवटी एमपरिवहन अॅपवर नंबर आणि जन्मतारीख टाकल्यावर लायसन्स दिसलं, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

त्याच आठवड्यात चौकात एका हवालदारांनी मला थांबवलं. लसीचा डबा बघून ते म्हणाले, "ताई, कार्ड नसलं तरी मोबाइलवर आहे ना? मग दाखवा आणि जा." २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि मोबाइलवरचं लायसन्स कार्डाइतकंच ग्राह्य धरलं जाऊ लागलं, हे त्या हवालदारांना माहीत होतं, मला नव्हतं. आमच्या तालुक्यातल्या किती जणींना ते माहीत असेल? मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून विना लायसन्स गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला, ही बातमी मात्र प्रत्येकीला ठाऊक आहे. त्या धास्तीने माझी एक मैत्रीण लायसन्स हरवल्यावर दोन महिने नवऱ्याच्या मागे बसून कामावर जात होती. तिच्याकडे लायसन्स होतं, फक्त कार्ड नव्हतं. हा फरक तिला कुणी सांगितलाच नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. मी कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय हे लिहीत नाही, कारण मला कुणा एका माणसाची तक्रार करायची नाही. खिडकीवर सांगितलं, लायसन्स हरवलंय, घरही बदललंय, नावही बदललेलं आहे. उत्तर मिळालं, "आधी डुप्लिकेट काढा. ते हातात आलं की पत्ता बघू, मग नाव." मला ते बरोबर वाटलं. एकावेळी एक काम, मीही रुग्णांना असंच सांगते. बाहेर छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसलेला एजंट तिन्ही कामांचे मिळून साडेतीन हजार मागत होता, मी त्याच्याकडे गेले नाही. अर्ज स्वतः भरला. त्यात सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन रकाने दिसतात. दोन्हींत माहेरचाच पत्ता आपोआप आलेला होता, कारण रेकॉर्डला तोच होता. मला वाटलं, हा नुसता जुना तपशील दाखवताहेत. फी भरली, कागद दाखवले, पावती घेतली आणि घरी आले.

कार्ड त्या पत्त्यावर जाणार आहे, हे मला कुणीही सांगितलं नाही. स्क्रीनवर तसं ठळक लिहिलेलं नव्हतं, खिडकीवरच्या माणसाने विचारलं नाही, पावतीवरून माझ्या लक्षात आलं नाही. लायसन्स आता हातात देत नाहीत, छापून स्पीड पोस्टाने घरी पाठवतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण "घरी" म्हणजे कुठे, हा प्रश्नच मनात आला नाही. माझ्या मनात घर म्हणजे मी राहते ते.

कार्ड निघाल्याचा मेसेज आला तेव्हा आनंद झाला. आठ दिवस मी पोस्टमनची वाट बघितली. मग ट्रॅकिंग नंबर टाकला आणि पाकीट मराठवाड्यात फिरताना दिसलं. माहेरच्या घराला तीन वर्षांपासून कुलूप आहे. वडील गेल्यावर आई भावाकडे राहायला गेली. पोस्टमन दोनदा आला असणार. पाकीट परत गेलं.

इकडच्या कार्यालयात विचारलं तर म्हणाले, परत आलेलं पाकीट इकडे येत नाही, तिकडे जाऊन घ्या. तिकडे फोन लावला, कुणी उचलला नाही. फोन न उचलण्याचा मला राग नाही, आमच्या उपकेंद्रातही मी प्रसूतीला असले की फोन वाजत राहतो. मग रात्रीची एसटी पकडली. सकाळी साडेदहाला रांगेत उभी राहिले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने आवक-जावककडे. तिथल्या ताईंनी पत्र्याच्या कपाटातून रबर बँड लावलेला पाकिटांचा एक गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर एकेक नाव वाचायला लागल्या. माझं पाकीट सापडलं. त्यावर निळ्या पेनाने "घर बंद" असं लिहिलेलं होतं, खाली दोन तारखा आणि एक सही. मी ते हातात धरून बराच वेळ उभी होते. त्या घरात मी वाढले. माझ्या लायसन्सच्या पाकिटावर अनोळखी अक्षरात "घर बंद" हे वाचताना मला जे वाटलं, ते सरकारी पत्रात लिहायचं नसतं. पण हे खुलं पत्र आहे, म्हणून लिहिते.

त्या गठ्ठ्यात अजून पाकिटं होती. मी मोजली नाहीत, पण त्या ताई वाचत होत्या ती नावं कानावर पडत होती. बरीचशी बायकांची होती. माझा हिशेब त्या एका गठ्ठ्यापुरता आहे, त्यावरून राज्याचा आकडा काढायचा नाही. पण कारण मला कळतं. आपल्याकडे मुलगी अठरा-वीस वर्षांची झाली, कॉलेजला जायला लागली की लायसन्स निघतं, माहेरच्या पत्त्यावर, वडिलांच्या नावाने. मग दोन-चार वर्षांत तिचं घर बदलतं, आणि बहुतेकींचं नावही. २००९ साली मला मिळालेलं लायसन्स वीस वर्षांसाठी होतं. वीस वर्षांत मुलाचा पत्ता कदाचित तोच राहतो, मुलीचा मात्र जवळजवळ नक्की बदलतो. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही आणि माहेरच्या नावाचं लायसन्स बेकायदा ठरत नाही, हेही खिडकीवर स्पष्ट सांगायला हवं. मला एका ठिकाणी "नाव बदललं असेल तर राजपत्र आणा" असं सांगितलं, दुसरीकडे विवाह नोंदणीचा दाखला चालला. हा दाखला १९९८च्या कायद्याखाली राज्य सरकारच्याच यंत्रणेने दिलेला असतो, गावात तर ग्रामसेवकाच्या सहीने. एका खात्याचा दाखला दुसऱ्या खात्याच्या एका खिडकीवर पुरतो आणि शेजारच्या जिल्ह्यात पुरत नाही, असं का व्हावं?

पत्त्याचा पुरावा हाही असाच फेरा. शहरात भाड्याने राहणाऱ्याकडे अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला भाडेकरार असतो. खेड्यात घरमालक सातबारावर नाव असलेला शेतकरी, त्याने माझ्याकडून दोन हजार भाडं घ्यायचं आणि चावी द्यायची, करार कोण करतो? वीजबिल त्याच्या वडिलांच्या नावावर. मी शेवटी आधी आधारवरचा पत्ता बदलला, ठरलेल्या नमुन्यात फोटो लावून, राजपत्रित अधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्याने. त्यानंतर लायसन्सवरचा. माझ्या ओळखीचे वैद्यकीय अधिकारी होते म्हणून ती सही एका दिवसात झाली. शेतमजूर बाईला ती कोण देणार?

एवढं सगळं करून दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा नव्या कार्यालयात एक बाई भेटल्या. त्यांनी माझी फाईल बघितली आणि विचारलं, "अहो, पहिल्याच वेळी डुप्लिकेट आणि पत्ता दोन्हीवर टिक का नाही केलीत? एकाच अर्जात होतं." एकाच अर्जात होतं! सेवांच्या यादीत एकाहून जास्त चौकोनांवर खूण करता येते, ही सोय पोर्टलवर पहिल्यापासून होती. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मला कागदपत्रांची यादी लिहून दिली, वर तारीख टाकली आणि म्हणाल्या, यातलं काही कमी पडलं तर मला येऊन सांगा. काही कमी पडलं नाही. एकोणिसाव्या दिवशी पोस्टमन उपकेंद्राच्या दारात आला. माहेरहून आणलेलं कार्ड मी जमा केलं. ते एक दिवसही वापरलं नव्हतं.

वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात. त्यातल्या ५ या कामात गेल्या. दोनदा फी, एक छापलेलं कार्ड वाया, एक स्पीड पोस्ट जाऊन परत आलेलं. यात माझं नुकसान झालं तसं खात्याचंही झालं. आणि पहिल्या खिडकीवर "पाकीट कुठे यायला हवं?" एवढं एक वाक्य विचारलं गेलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून माझी पहिली विनंती तीच आहे. फी भरण्याआधी मोठ्या अक्षरांत, मराठीत, एक वाक्य दिसू द्या: तुमचं कार्ड या पत्त्यावर जाईल, तुम्ही आज तिथे राहता का? नाही म्हटलं तर पत्ता बदलण्याची खूण तिथेच करता येऊ द्या. पोर्टल केंद्राचं आहे, त्यात राज्याला लगेच बदल करता येत नसेल, तर तोवर खिडकीवरचा माणूस हे तोंडाने विचारू शकतो. त्यासाठी निविदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

परत आलेल्या पाकिटांचंही असंच. २०१९च्या दुरुस्तीनंतर लायसन्ससाठी राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात अर्ज करता येतो. अर्ज कुठेही चालतो, मग परत आलेलं कार्ड घ्यायला ४०० किलोमीटर का जायचं? ज्या कार्यालयात अर्ज केला, तिथे ते पाकीट येऊ द्या, किंवा एका मेसेजने विचारा की कुठे पाठवू. माणसाचा मोबाइल नंबर आपल्याकडे असतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. कोणती सेवा किती दिवसांत, कोण अधिकारी देणार, न मिळाल्यास अपील कुणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावायचं असतं. मी गेले त्या एका ठिकाणी फलक होता, पण जिन्याखाली, पुढे जुनी बाकं रचलेली. आमच्या उपकेंद्रात लसीकरणाचा तक्ता मी दारासमोर लावते, कारण आई बाळाला कडेवर घेऊन वाचते, तिला वाकून शोधायला हात मोकळा नसतो. आपला फलकही तसा लागावा. त्यावरच एक ओळ मोबाइलवरच्या लायसन्सची टाका: कार्ड हरवलं तर काम थांबवू नका, अॅपवर दाखवा, ते चालतं.

आता ज्या माणसामुळे हे पत्र लिहायला बसले त्याचं सांगते. नोव्हेंबरात कारखाना सुरू झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. दरवर्षी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं येतात, पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या म्हणजे झोपड्या घालून राहतात. पोरांचं लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी हे आमचं काम. एका कोपीत मी बाळाला डोस देत होते, तेव्हा त्याचा बाप बाजूला येऊन उभा राहिला. टोळीचा ट्रॅक्टर तो चालवतो. लायसन्स येतानाच कुठेतरी पडलं. मुकादम म्हणतो, कार्ड नाही तर ट्रॅक्टरवर बसू नको, कोयता घे. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आणि ऊस तोडणाऱ्याला मजुरीत फरक असतो. त्याच्या डोक्यावर उचल आहे, म्हणजे आधीच घेतलेले पैसे, ते फेडायचे आहेत.

त्याचं नाव जन्मापासून एकच, आधारही जुळतं. मी त्याच्याच मोबाइलवर अॅपमध्ये लायसन्स काढून दिलं आणि मुकादमाला दाखवलं. तो कसाबसा तयार झाला. मग कोपीसमोरच्या खाटेवर बसून आम्ही दुय्यम कार्डाचा अर्ज भरायला घेतला. त्याला फोनमधलं काही समजवायला लागलं नाही, ओटीपी त्यानेच वाचून दाखवला. पत्त्यापाशी मी थांबले. या मार्गाने पत्ता आधारवरचाच येतो, म्हणजे त्याच्या गावचा. गावात घराला कुलूप, म्हातारी आई बहिणीकडे. तो मार्चअखेर परत जाणार. कार्ड डिसेंबरात जाणार.

मी त्याला माझ्या पाकिटाची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर मागवलं तर चालंल का? तुम्ही तर हितंच असता."

उपकेंद्राचा पत्ता पक्का आहे. पोस्टमन आठवड्यातून तीनदा येतो. रजिस्टरमध्ये नोंद करून, सही घेऊन मी ते पाकीट त्याच्या हातात देऊ शकते, आणि त्याच्यासारख्या प्रत्येकाचं देईन. ग्रामपंचायत देऊ शकते, कारखान्याचं गट कार्यालय देऊ शकतं. मी अर्जात खालीवर शोधलं. घराचा पत्ता एक आणि पाकीट घेण्याचा पत्ता दुसरा, असा रकाना मला सापडला नाही. तो अर्ज मी अजून पाठवलेला नाही, त्याच्या मोबाइलवर अर्धा भरून ठेवलाय. रकाना कुठे असेल तर कृपया सांगा. नसेल तर तो द्या, टोळी परत जायच्या आत.

आपली,
एक आरोग्यसेविका